बारावा शिक्का

“हा तुमचाच शिक्का ना, नेमोतो-सान?”

ओकाबायाशींनी सूचनांची फिरती पाटी माझ्यासमोर धरली तेव्हा मी कुंडीतल्या शिसोच्या पाल्याला पाणी घालत होते. ओकाबायाशी म्हणजे आमच्या वस्तीच्या मंडळाचे सचिव. टपाल कचेरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजूनही कुणाच्या दारात उभे राहिले की आता सही मागतील असंच वाटतं. मी डोळे बारीक करून पाहिलं. कागदाच्या तळाशी बारा चौकोन होते आणि बाराव्यात ‘नेमोतो’ असा लाल, गोल, एका कडेला चेपलेला शिक्का. शिक्का एकदा हातातून पडून त्याची कड गेली आहे, तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती.

“माझाच. का?”

“नाही, म्हणजे, फार बरं वाटलं.” त्यांनी दातांतून हवा आत ओढली. “खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यात अवघड घर तुमचंच वाटत होतं. पण तुम्ही मोठ्या मनानं होकार दिलात. तर मग येत्या रविवारी, सकाळी आठला. सगळे येतीलच मदतीला.”

“कशाच्या मदतीला?”

ओकाबायाशींचा चेहरा पडला. पाटी उलटी फिरवून त्यांनी स्वतःच कागद पुन्हा एकदा वाचला, आणि मग मला वाचून दाखवला. बोळातील अनावश्यक वस्तू हटवण्याबाबत. आग लागली, भूकंप झाला तर वाट मोकळी हवी. सबब घराबाहेर ठेवलेली भांडी, खोकी, टब इत्यादी सामान तेवीस तारखेपर्यंत काढावं. कुणाची हरकत असल्यास खालच्या रकान्यात लिहावी. रकाना कोराच होता.

बारा घरांच्या आमच्या बोळात बाहेर भांडी, खोकी आणि टब ठेवणारं घर एकच. बाकीच्यांच्या दारात फार तर एखादी सायकल.

“तुम्ही वाचलं नव्हतं का?” त्यांनी हळूच विचारलं.

मी नाही वाचलं. ती माझी चूक, आणि मी ती कुणावर ढकलणार नाही. पण पाटीवरचा कागद वाचून शिक्का मारणारा माणूस मला आमच्या वस्तीत एक तरी दाखवा. कचऱ्याचा वार बदलला, देवळाच्या जत्रेची वर्गणी, कुणाचं मांजर हरवलं. पाटी शेजारच्या घरातून येते, आपण शिक्का मारतो आणि पुढच्या घरी देतो. एका दिवसापेक्षा जास्त ठेवून घेतली तर लोक नावं ठेवतात. शिवाय माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे गेली काही वर्षं पाटी मला सुमिएच वाचून दाखवते.

सुमिए कामोशिता म्हणजे माझ्या उजव्या हाताचं घर. ती या बोळात लग्न होऊन आली तेव्हा मला येऊन दोन वर्षं झाली होती. बेचाळीस वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एक हातभर फट आहे, आणि त्या फटीतून जेवढं बोलणं झालं असेल तेवढं आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्यांशी केलं नसेल. यंदा बोळाचं प्रमुखपण तिच्याकडे होतं. म्हणजे पाटी निघते तिच्या घरून, पहिला शिक्का तिचा, दुसरा माझा. मग पाटी पूर्ण बोळ फिरते आणि बाराव्या घरावरून तिच्याकडे परत जाते. तिसरं घर याताबेंचं, माझ्या डाव्या हाताचं.

आणि गेल्या आठवड्यात याताबेंनीच पाटी माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली होती. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पाटी माझ्याकडून त्यांच्याकडे जाते, त्यांच्याकडून माझ्याकडे येत नाही. पण माझं लक्ष होतं चुलीवरच्या मुळ्यांकडे. अकरा शिक्के असलेल्या कागदावर बारावा मारायला चष्मा लागत नाही. मी शिक्का दाबला आणि चप्पल पायात सरकवून पाटी स्वतः सुमिएच्या दारात नेऊन दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. शिक्क्यावर नजर टाकली. म्हणाली, “त्रास दिला तुला.” आणि आत जाऊन दोन नासपती घेऊन आली. चांगल्या मोठ्या होत्या, गोड निघाल्या. मी त्या चवीनं खाल्ल्या, आता सांगायलाही लाज वाटते.

ओकाबायाशी अजून उभेच होते. त्यांना पाणी तरी विचारावं एवढंही मला सुचलं नाही.

माझ्या कुंड्यांना ‘अनावश्यक वस्तू’ म्हणणाऱ्यानं त्या कुठून आल्या ते आठवावं. मी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते. सहाशे मुलांचं जेवण. तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे आठवड्याला चार रिकामे व्हायचे, त्यातला एक मी एकदा घरी आणला. आमचे यजमान यासुजी पत्रा दाबायच्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी खिळ्यानं तळाला भोकं पाडली, कडा हातोडीनं आत वळवल्या आणि म्हणाले, “यात झाड लाव नाहीतर भूत लाव, पण हात कापून घेऊ नकोस.” मी कांद्याची पात लावली. ती बघायला अख्खा बोळ आला, कारण दुसरं काही बघण्यासारखं आमच्याकडे नव्हतं.

मग सुरू झालं. मोठा कचरा टाकायचा म्हणजे पालिकेच्या कचेरीला फोन करा, दिवस ठरवून घ्या, त्यांची चिकटपट्टी आणून त्यावर नाव लिहा. त्यापेक्षा “हात्सुए-सान, हे तुम्हाला कुंडीला चालेल का?” हे सोपं. याताबेंनी न्हाणीघर नवं केलं तेव्हा जुना टब माझ्या दारात आला. त्यात मी कमळ लावलं आणि डासांसाठी छोटे मासे सोडले. न्हाव्याच्या बायकोनं भाताच्या कुकरचं आतलं भांडं दिलं. कुणाच्या मुलाचं हेल्मेट, कुणाचे पावसाळी बूट, मासळीवाल्याची थर्माकोलची खोकी. खोक्याला तापलेल्या सळईनं भोक पाडायचं, कुकरच्या भांड्याला ड्रिल लागतं, बुटाला चाकू पुरतो. तळाला फुटक्या कौलाचे तुकडे, वर कांद्याच्या पिशवीची जाळी, मग माती. फुकटचं काम नाही ते. लोक सामान ठेवून जायचे आणि चार महिन्यांनी येऊन म्हणायचे, “अय्या, हा आमचाच टब का!” टाकायला जीव धजत नसे आणि ठेवायला जागा नसे. ही अडचण अकरा घरांची होती आणि सोय एकट्या माझी.

सगळ्यात चांगली कुंडी सुमिएची. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या कपडे धुवायच्या यंत्राची मोटर जळाली. आम्ही दोघींनी मिळून आतला स्टीलचा ड्रम ओढून काढला. ड्रमसारखी कुंडी नाही. गंजत नाही, फुटत नाही आणि भोकं आधीचीच. देवळासमोरच्या रोपांच्या बाजारातून आम्ही तिरफळाचं रोप आणलं. तिच्या दारात सावली, म्हणून ते माझ्या दारात. दर वसंतात बांबूचे कोंब शिजले की सुमिए फटीतून हाक मारायची, “हात्सु-चान, दोन पानं गं!” पान तळव्यावर ठेवून टाळी वाजवायची की वास सुटतो. सकाळी सकाळी तिच्या घरातून टाळीचा आवाज आला की मला कळायचं, आज कामोशितांकडे कोंब आहेत.

ओकाबायाशी गेल्यावर मी तशीच सुमिएच्या दारात गेले. दार तिनंच उघडलं. मला बघून ती आत ये म्हणाली नाही.

“पाटी उलटी का फिरवलीस?” मी विचारलं.

“आधी बस तर.”

“बसत नाही. उलटी का फिरवलीस?”

ती खाली, चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्या तेत्सुरोचं यायचं ठरलंय. बायकोला घेऊन. हे घर पाडून नवं बांधायचंय. बांधणारा येऊन बघून गेला. म्हणाला, वाट मोकळी नसेल तर गाडी आत येणार नाही, काम घेणार नाही.”

“मग हे मला सांगायचंस.”

“कितीदा तरी सांगायला आले होते. तुझ्या दारापर्यंत आले आणि परत गेले. तू आपली त्या झाडांशी बोलत असायचीस. तोंडच उघडेना गं माझं.”

“म्हणून ताकाला गेलीस आणि भांडं लपवलंस? कागदात भूकंप कशाला घातलास? तेत्सुरोचं घर घालायचं होतं.”

“ते ओकाबायाशी-सान म्हणाले, असं लिहिलं की कुणाचं वाईट दिसत नाही.”

“माझं दिसलं ना!”

आतून, घर बघायला आलेल्या तिच्या सुनेचा आवाज आला, “आई, कोण आहे?” सुमिएनं मागे वळून “कुणी नाही, शेजारच्या आहेत” असं सांगितलं. बेचाळीस वर्षांनंतर मी ‘कुणी नाही’ झाले होते.

“तू वाचशील असं वाटलं मला,” ती म्हणाली.

“सुमि-चान, माझ्याकडे बघ. पाटी मला कोण वाचून दाखवतं?”

तिनं पायानं एक चप्पल सरळ केली.

“कोण?”

“मी.” मग तिनं एकदम मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक झाला होता. “आणि पाटी नेहमीसारखी आधी तुझ्याकडे आली असती तर तू हरकत लिहिली असतीस. तू लिहिलं असतंस म्हणजे तिसऱ्यानं शिक्का मारला नसता, चौथ्यानं मारला नसता. आपल्या बोळाचं तुला काय सांगायचं? एकानं नाही म्हटलं की सगळे नाही. म्हणून मी उलटी फिरवली. माझा मुलगा परत येतोय गं, हात्सु-चान. पंधरा वर्षांनी.”

तिचं खरं होतं. मी लिहिलं असतं. चार दिवस भांडले असते, आठ दिवस बोलले नसते. पण तिनं फटीतून मला हाक मारून म्हटलं असतं, ‘तेत्सुरो येतोय, वाट दे,’ तर नवव्या दिवशी मीच टब ओढायला घेतला असता. तेत्सुरोला मी माझ्या हातानं भरवलेलं आहे. हे तिला माहीत असायला हवं होतं. तेवढंही तिला माहीत नव्हतं, याचा मला टब-डब्यांपेक्षा जास्त राग आला.

घरी येऊन बसले तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. पाटी माझ्याकडे शेवटी आली म्हणजे आधीच्या दहा घरांनीही ती नेहमीच्या उलट दिशेनं आलेली पाहिली. त्यांना चष्मे नव्हते असं नाही. सगळ्यांनी वाचलं, शिक्का मारला आणि मिठाची गुळणी धरून बसले. त्या आठवड्यात न्हाव्याची बायको माझ्याशी रोज हवेबद्दल बोलत होती. याताबेंनी तर पाटी माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि त्याच हातानं शिसोचे चार तुरे मागून नेले. “तळायला,” म्हणाले. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला एकाहत्तराव्या वर्षी समजलं, तेही अकरा जणांकडून एकदम.

संध्याकाळी ओकाबायाशी परत आले. बिचारे अस्वस्थ होते. म्हणाले, गैरसमजातून शिक्का पडला असेल तर रद्द करता येतो. फक्त नियमाप्रमाणे पाटी पुन्हा फिरवावी लागेल, सगळ्या घरांतून, माझ्या हरकतीसकट.

“आणि मग?”

“मग… लोक काय ते ठरवतील.” पुन्हा हवा आत.

मी विचार केला. पाटी पुन्हा फिरेल. यावेळी सगळे माझं नाव वाचून शिक्का मारतील किंवा माझी कीव येऊन मारणार नाहीत. कीव आलीच तर कमळाच्या टबावर कायमची त्यांची मेहेरबानी. आणि तेत्सुरोचं घर अडलं म्हणून सुमिए मरेपर्यंत फटीकडे पाठ करून बसेल. एकदा माझ्या पाठीमागे मारलेला शिक्का मला त्यांच्याकडून माझ्या तोंडावर मारून घ्यायचा नव्हता.

“नको,” मी म्हटलं. “शिक्का माझाच आहे. राहू दे. पण रविवारी मदतीला कुणी येऊ नका. माझं मी आवरते.”

पाच दिवस मी दुसरं काही केलं नाही. कांद्याची पात, शिसो, शेवंती तांदळाच्या पोत्यांत भरून वरच्या कपडे वाळवायच्या फळ्यांवर चढवली. कमळाचा गड्डा आणि मासे माझ्या जुन्या शाळेच्या तळ्यात दिले. तिथली नवी स्वयंपाकीणबाई ओळखीची नव्हती, पण बालदी बघून तिनं काही विचारलं नाही. थर्माकोल मोडून कचऱ्यात घातलं. ज्यांची घरं आता नाहीत त्यांची हेल्मेटं आणि बूटही गेले. बाकीची भांडी एकेक करून मी घासली. काथ्यानं, मग साबणानं, मग उन्हात. पंधरा-वीस वर्षांच्या मातीचा मळ नखांतून निघेना, पण भांड्यांवरून निघाला. कुकरच्या भांड्यात पुन्हा भात लावावा इतकं ते लख्ख झालं, फक्त तळाला भोक.

ड्रम शनिवारवर ठेवला होता.

तिरफळाला जागा बदललेली खपत नाही. मुळं हलली की झाड रुसतं, आणि एकदा रुसलं की ते परत हसत नाही. ते छातीएवढं वाढलं होतं. मी ड्रम आडवा पाडला आणि बघितलं तर मुळांनी भोकाभोकांतून बाहेर येऊन ड्रमला वेटोळं घातलं होतं. बाहेरची कापल्याशिवाय आतली निघणार नव्हती. मी यासुजींची लहान करवत आणली.

दोनेक मुळं कापली असतील, तर सुमिए येऊन उभी राहिली. एप्रन घातलेला, हात ओले.

“ते नको गं,” ती म्हणाली. “ते एवढं ठेव. मी सगळ्यांना सांगते. माझ्या दारात कोपऱ्यात ठेवू. गाडीच्या आड येणार नाही.”

“तुझ्या दारातही बोळच आहे.”

“हात्सु-चान, मरेल ते.”

“मला ठाऊक आहे.”

“मग कशाला कापतेस?”

“तुझा ड्रम द्यायचाय परत.”

“मला काय करायचाय ड्रम!”

“ते मला काय माहीत? मला तुम्ही ठेवायला दिला होता. कामोशिता-सान, जरा बाजूला होता का, भुसा उडेल.”

‘तुम्ही’ ऐकून ती दोन पावलं मागे सरली. मला माझंही बोलणं ऐकू आलं, पण हात थांबला नाही. झाड निघालं ते अर्ध्या मुळांनिशी. सगळ्या बोळात तिरफळाचा वास पसरला, चैत्रात येतो तसा, आणि हा तर ऑक्टोबर. सुमिए कधी गेली ते मी पाहिलं नाही. झाड मी पोत्यात लावून वर नेलं. लावायचं म्हणून लावलं.

रविवारी सकाळी सगळे आलेच. हातमोजे, गळ्यात टॉवेल, ओकाबायाशींच्या हातात दोरीचं बंडल. येऊ नका म्हटलं की न येणारे लोक आमच्याकडे नाहीत. पण उचलायला काही नव्हतं. माझ्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत बोळ झाडून, पाणी मारून ठेवला होता. इतका रुंद असेल असं मलाही वाटलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या दारात ज्याची त्याची वस्तू होती. याताबेंच्या दारात टब, न्हाव्याकडे कुकरचं भांडं, त्याच्या पलीकडे चिनीमातीचं हात धुण्याचं भांडं.

मी प्रत्येकासमोर कमरेतून वाकले आणि म्हटलं, “इतकी वर्षं वापरायला दिलंत, फार उपकार झाले.”

कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये हे आमच्या बोळात पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. डबा परत जाताना त्यात काहीतरी जातंच. पेरसिमॉनची दोन फळं, चार गोळ्या, अगदीच काही नसलं तर आगपेटी, नाहीतर पांढऱ्या कागदाची एक घडी तरी. न्हाव्याच्या बायकोनं भांडं उचललं, आत पाहिलं आणि तिची मान हळूहळू खाली गेली. याताबे टबाकडे बघत टॉवेलनं चेहरा पुसत राहिले. घाम आला नव्हता त्यांना.

सुमिए सगळ्यात शेवटी बाहेर आली. तिचा ड्रम तिच्या पायरीवर होता, उन्हात चमकत. दुकानात ठेवला असता तर विकला गेला असता. ती त्याच्यापाशी खाली बसली. आत डोकावली. मग हात आत घातला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणि तळाशी सगळीकडे फिरवून पाहिला. मग पुन्हा एकदा, सावकाश, कडेकडेनं.

मी झाडू भिंतीला टेकवला आणि आत गेले.